इटालियन गाडीची खोड

“खरं सांगा डॉक्टर, ह्या गाडीत काय लपवलासा तुम्ही?”

अभिनंदन चौगुले दारातूनच बोलला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कपाळावर घाम, हाताला काळं आणि आवाज भांडणाचा.

हत्तरकी डॉक्टर कट्ट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठल्या गाडीत?”

“कुठल्या म्हणजे? तुमच्या. तुम्ही मला विकली त्या.”

“मग तुझी म्हण की.”

अभिनंदन उभाच राहिला.

हत्तरकी डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. गडहिंग्लज तालुक्यात एके काळी त्यांचा हात लागला नाही असा गोठा नव्हता. आता वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि स्टेअरिंगला हात लावायचा नाही अशी लेकीची ताकीद. म्हणून तर गाडी विकली. नाहीतर त्या माणसानं एकवेळ घर विकलं असतं.

आणि ती गाडी! मोरपंखी रंगाची, चार दारांची, इटलीच्या कंपनीची. कंपनी कधीच गाशा गुंडाळून मायदेशी गेली, गाडी इथंच राहिली. तिचं खरं नाव आरसी बुकात असेल तेवढंच. अख्खा तालुका तिला ‘इटालियन’ म्हणायचा. लांबून आलेल्या सुनेबद्दल बोलावं तसं, थोडं कौतुकानं, थोडं संशयानं.

संशयाला कारणही होतं. त्या गाड्यांचं नावच तसं पडलेलं. घ्यायला स्वस्त, पोसायला हत्ती. पार्ट मिळत नाहीत, मेकॅनिक हात लावत नाहीत, विकायला काढली तर फुकट नेणारा भेटत नाही. “इटालियन घेतलीस? मग ढकलायला चार भाऊबंद संगट ठेव,” असं लोक तोंडावर म्हणायचे. डॉक्टरांनी स्वतः ती जुनीच घेतली होती, वर्षभरात कंटाळलेल्या बेळगावच्या एका वकिलाकडून. आणि पंचवीस वर्षं चालवली. ऊन म्हटलं नाही, चिखल म्हटला नाही.

“बस,” डॉक्टर म्हणाले. “पाणी पी. मग भांड.”

“मी बसायला आलो नाही. गाडी परत द्यायला आलोय. तुम्ही ठेवून घ्या. नाहीतर उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. सांगून ठेवलंय त्याला.”

डॉक्टरांचा शेंग सोलणारा हात थांबला.

“भंगारात?”

“मग काय करू? पूजा घालू?”

“…आदगोंडाला सांगितलंस?”

“आप्पांना कशाला सांगायचं? जिवाला लावून घेतील.”

“हं,” डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

आदगोंडा म्हणजे अभिनंदनचे वडील. डॉक्टरांचे ड्रेसर. जनावर धरायचं, जखम धुवायची, नळीतून औषध पाजायचं, डॉक्टर कोपरापर्यंत हात घालून रेडकू फिरवत असले की म्हशीच्या कानाशी बोलत राहायचं, ही त्यांची नोकरी. डॉक्टर गाडी चालवायचे आणि डाव्या सीटवर आदगोंडा, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. अशी पंचवीस वर्षं गेली.

अभिनंदनला लहानपणचं आठवायचं ते एवढंच. गल्लीत दोनदा हॉर्न वाजायचा. आप्पा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे, हात धोतराला पुसायचे आणि जायचे. मागं फिनेलचा वास राहायचा. त्या गाडीत बसावं म्हणून त्याचा जीव जायचा. बसायला मिळालं ते एकदाच, तेही चौकापर्यंत. उतरल्यावर आठ दिवस तो शाळेत तेच सांगत होता.

पुढं तो शिकला, गाड्यांतलाच झाला. कोल्हापुरात मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपचा मॅनेजर. हाताखाली चौदा मेकॅनिक. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो अशी ख्याती, आणि ती त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होती. आप्पांना त्यानं गावाकडून आणून कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं.

एकदा टीव्ही बघता बघता आप्पा बोलून गेले, “डॉक्टरांच्या गाडीतनं बाहुबलीला जायचं तेवढं राहिलं बघ.”

बाहुबली म्हणजे डोंगरावरचं जैनांचं तीर्थ. डॉक्टर दर वर्षी म्हणायचे, “आदगोंडा, ह्या खेपेला तुला बाहुबलीच्या दर्शनाला नेतो.” आणि दर वर्षी ऐन वेळी कुठंतरी म्हैस अडायची. जन्मभर लेकाकडं काही न मागितलेल्या माणसाचं ते एक वाक्य. अभिनंदनच्या काळजात ते रुतून बसलं. आठवडाभरातच त्याला कळलं की डॉक्टर गाडी विकायला काढणार आहेत. तो धावत आला आणि गाडी घेऊन गेला.

नुसती नेली नाही, तिला नवरी केली. सीटकव्हरं नवी, टायर नवे, प्लग नवे, हेडलाइटच्या काचा, दारांची रबरं, आरसे. इथं न मिळणाऱ्या वस्तू त्यानं थेट इटलीहून मागवल्या, एकेकीची तीन-तीन आठवडे वाट बघून.

आणि मग आप्पांना पुढं बसवून तो बाहुबलीला निघाला. कोल्हापूरपासून तासाभराचा रस्ता.

हातकणंगल्याजवळ गाडी बंद पडली.

त्यानं पंप बदलला. पुन्हा निघाले. पुन्हा तिथंच आसपास. फिल्टर बदलला, वायरिंग काढून नवं घातलं. तिसऱ्यांदा निघाले, तिसऱ्यांदा बंद. तिन्ही वेळा आप्पा एसटीनं घरी परतले. तिन्ही वेळा त्यांनी ते दर्शनाचं पांढरं धोतर घडी करून पेटीत ठेवलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं अभिनंदनला वाटायचं.

इकडं वर्कशॉपमध्ये चौदाच्या चौदा मेकॅनिक गालातल्या गालात हसायचे. साहेबांची इटालियन! हसं झालं हो माणसाचं.

“डॉक्टर, मी तुम्हाला काय विचारतोय?” अभिनंदन आता कट्ट्यावर टेकला होता. “आज कोल्हापूरहून येताना निपाणीच्या पुढं एकदा पडली, संकेश्वरला एकदा. काहीतरी जुनं दुखणं आहे हिला. तुम्ही ते सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा कठोर झाला.

“ह्या तालुक्यात खोड सांगितल्याबिगर मी कुणाला जनावर विकू दिलं नाही. मारकी असेल तर मारकी म्हणून सांगायचं. पान्हा चोरत असेल तर तसं सांगायचं. मग घेणाऱ्यानं घ्यावं, नाहीतर जावं. तू गाडी न्यायला आलास तेव्हा मी खोड सांगायला लागलो. काय म्हणालास?”

अभिनंदनला आठवलं. तो हसत म्हणाला होता, “खोडी माझ्यावर सोडा डॉक्टर, माझा धंदाच तो आहे.”

“…मग आता सांगा.”

“आता मला काय माहीत? सहा महिने तुझ्या दावणीला आहे. लक्षणं सांग.”

“लक्षणं?”

“पडायच्या आधी काय करते?”

“आचके देते. दोन-तीन. मग बंद.”

“निघाल्या निघाल्या पडते?”

“नाही. अर्धा-पाऊण तास सुरळीत. मी म्हणतो ना, प्रेशर बघितलं, करंट बघितला, सगळं…”

“तुला काय दिसलं ते नको सांगू. ती काय करते ते सांग. उठते कशी?”

“अर्ध्या तासानं आपोआप. आमची माणसं दोर घेऊन येतात तोवर ही चालू झालेली असते. माझ्या तोंडाकडं बघून हसतात सगळे.”

“हसू देत. भरल्या पोटी लवकर पडते का रिकाम्या?”

सहा महिन्यांत हा प्रश्न अभिनंदनला कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता.

“…भरल्या पोटी,” तो हळूच म्हणाला. “टाकी फुल असली की लवकर.”

डॉक्टरांनी काठी उचलली, डोक्यावर टोपी ठेवली.

“चल. पंपावर जाऊ, टाकी भरून घे. आजऱ्याच्या रस्त्याला लागू.”

“बंद पडेल ती!”

“पडायला पाहिजे.”

टाकी काठोकाठ भरून ते निघाले. डॉक्टर डाव्या सीटवर. ते नुसते बाहेर बघत होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

गाव सुटल्यावर समोर ट्रॅक्टर आला. वळायचं म्हणून अभिनंदननं दांडी ओढली, तर कोरड्या काचेवर वायपर खर्रकन फिरला. इटलीवाल्यांनी वळायचा दिवा डाव्या हाताला दिलेला आणि वायपर उजव्या हाताला, आपल्याकडच्या गाड्यांच्या नेमकं उलट. नवा माणूस बसला की वळायच्या जागी काच पुसतो. बावीस गावांत डॉक्टरांच्या मागं ह्यावरून थट्टा व्हायची.

“अजून पुसतोस?” डॉक्टरांनी विचारलं.

“सवय जात नाही.”

“माझी दोन वर्षं गेली नव्हती. आदगोंडा म्हणायचा, साहेब, डावीकडं जायचं का पाऊस आला?”

दोघेही हसले. भांडायला आलेला माणूस हसला म्हणजे निम्मं भांडण मिटलंच की. डॉक्टर सीटवर जरा सैल होऊन बसले.

“ह्या बाजूनं मी हा रस्ता कधी बघितलाच नव्हता रे. माझं लक्ष पुढं. ओढा, झाडं, वस्त्या, हे सगळं त्याच्या बाजूला. तो म्हणायचा, साहेब, आंबा मोहरला बघा. मी म्हणायचो, हं. बघायचो नाही.”

“आप्पा घरी काहीच सांगायचे नाहीत.”

“विचारायचात तुम्ही?”

अभिनंदननं गिअर बदलला. त्याला एकदम आठवलं की आप्पा परत आले की तो आधी गाडीचं विचारायचा. आज किती पळवली, कुठल्या घाटातनं आली, हॉर्न कितीदा वाजला. आप्पा सगळं सांगायचे, अगदी हॉर्नचासुद्धा हिशेब द्यायचे. दिवसभर तुम्ही काय केलंत, हे मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस होता, मग ऊस संपला आणि काजूची झाडं लागली. डॉक्टर मधूनच बोट दाखवत होते. इथं एका गायीनं दोन वासरं दिली. तिथं त्या विहिरीपाशी बैल घसरला होता, पाच तास लागले काढायला. त्या खोपटात दही-भाकरी मिळायची, आणि तशी भाकरी पुन्हा कुठं खाल्ली नाही. सांगताना त्यांचा आवाज तरणा झाला होता. अभिनंदनला वाटलं, हा माणूस आता स्टेअरिंगच मागतो की काय.

आणि मग चढावर गाडीनं आचका दिला.

एक. दोन. तिसऱ्याला मान टाकली.

“बघा!” अभिनंदननं स्टेअरिंगवर हात आपटला. “बघितलंत? ही गाडी नव्हे डॉक्टर, अवदसा आहे!”

तो तणतणत उतरला आणि बॉनेट उघडायला धावला.

एवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. तिनं गाडी बघितली आणि भारा तिथंच टाकला.

“आगं बया! इटालियन! किती वर्सांनी गं बाई…” ती खिडकीशी वाकली. “आदगोंडा हाय का?”

“मी आहे की, पारूबाई,” डॉक्टर म्हणाले.

“तुमी हायसा ते दिसतंय. आदगोंडा कुठाय? डाव्या अंगाला त्यो असतोय न्हवं.”

“कोल्हापुरात असतो. लेकाकडं.”

“बरा हाय न्हवं? माजी काळी म्हस त्यानंच वाचवली. तुमी हात टेकलासा, ‘आता काय खरं न्हाई’ म्हनून गाडीत जाऊन बसलासा. त्यो बसून राहिला रातभर तिच्या उशाला. सांगा त्याला, तिच्या नातीची नात दूध देतीया आता.”

तिनं पदरानं डोळे पुसले, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि भारा उचलून गेली. अभिनंदन बॉनेटपाशी उभा राहून ऐकत होता. आपल्या बापाचं नाव ह्या माळावर कुणी असं घेत असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“तिथं काय करतोस?” डॉक्टर काठी टेकत उतरले.

“इंजिन बघतोय.”

“बघून झालं न्हवं सहा महिने? मिट ते.”

डॉक्टर गाडीच्या बाजूनं मागं चालले. एक हात पत्र्यावर, न उचलता. म्हशीच्या मागं जाताना ती बुजू नये म्हणून माणूस तिच्या अंगावर हात ठेवून जातो, तसे. मागच्या चाकाच्या वर, पेट्रोलच्या झाकणापाशी ते थांबले.

“किल्ली दे.”

अभिनंदननं किल्ली दिली.

डॉक्टरांनी झाकण फिरवलं. आणि गाडीनं श्वास घेतला. हूंऽऽऽ… लांब, खोल, आत ओढलेला. रडून थकलेल्या पोरानं घ्यावा तसा. मग सगळं शांत झालं.

“लाव आता.” त्यांनी किल्ली परत दिली.

अभिनंदननं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली.

कळायला त्याला क्षणभरही लागला नाही, तो काही अडाणी नव्हता. टाकीतलं पेट्रोल जळत जातं, तेवढी हवा आत यावी लागते. हवेची वाट बुजली की टाकी आतून ओढून धरते आणि इंजिनाला थेंब सुटत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर धरते. थांबून राहिलं की फटीफटीतून हवा शिरते आणि गाडी आपोआप उठते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला धडा. नव्या पोरांना तो स्वतः शिकवायचा.

तो उतरून मागं आला.

“हवेची नळी बुजलीय कुठंतरी.”

“कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय तिच्यात. फार वर्षं झाली.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!”

“हेच सांगत होतो त्या दिवशी.”

“पण मग पंचवीस वर्षं ही चालली कशी?”

“जुनं झाकण कुठं आहे?”

“टाकून दिलं. गंजून भोक पडलं होतं त्याला. मी इटलीहून अस्सल नवं मागवलं, एकदम घट्ट बसणारं…”

बोलता बोलता अभिनंदनचा आवाज खाली आला.

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तरी चाललं असतं.

“गंजून पडलं नव्हतं,” ते म्हणाले. “पाडलं होतं.”

“तुम्ही?”

“मला कुठलं सुचतंय? मी शिकलेला माणूस. असाच एकदा घाटात अडकलो होतो. पुढं वाडीवर म्हैस अडलेली, आणि ही बंद. मी बॉनेट उघडून उभा, तुझ्यासारखाच. तो मागनं फिरून आला, हिच्या कुशीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, हिचा वारा कोंडलाय.’ मी म्हणालो, गप बस, ही म्हैस न्हवं. त्यानं ऐकलं नाही. पेटीतला ट्रोकार काढला. ट्रोकार म्हणजे पोट फुगलेल्या म्हशीला कुशीत टोचतो ती जाड सुई. झाकण दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडानं ट्रोकार ठोकला. एक भोक. ती जी सुरू झाली ती पंचवीस वर्षं.”

“आप्पांनी…?”

“आदगोंडानं. …का रे? तीनदा बंद पडली म्हणालास. तो शेजारीच होता. त्याला विचारलं नाहीस?”

अभिनंदननं त्या नव्या झाकणाकडं बघितलं.

त्याला हातकणंगल्याचा रस्ता दिसत होता. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. आप्पा हळूहळू मागं गेले होते, गाडीच्या अंगावर हात ठेवून. मग पुढं येऊन म्हणाले होते, “अभि, जरा ते झाकण…”

आणि तो म्हणाला होता, “आप्पा, ही म्हैस नाही. तुम्ही त्या रसवंतीत सावलीला जाऊन बसा.”

आप्पा गेले होते आणि बसले होते. दुसऱ्या वेळी ते बोलायला आले नाहीत. तिसऱ्या वेळी तर गाडीपासून लांबच उभे राहिले, पिशवी छातीशी धरून, एसटीची वाट बघत.

अभिनंदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा माणसांचा साहेब रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि तोंड दोन्ही हातांत धरलं.

“त्यांना माहीत होतं,” तो म्हणाला. “सहा महिने… त्यांना माहीत होतं, डॉक्टर.”

डॉक्टर शेजारी उभे राहिले. काठीवर दोन्ही हात.

“मीही त्याला गप बस म्हणालो होतो,” ते म्हणाले. “पण माझा तो नोकर होता. माझं न ऐकायला त्याला काही वाटलं नाही. लेकाचं बोलणं लागतं.”

मागं गाडी शहाण्यासारखी सुरू होती.

परतीच्या रस्त्यावर अभिनंदननं एकच फोन केला, भंगारवाल्याला. “येऊ नको,” म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं. “गाडी चांगली आहे,” एवढंच तो बोलला आणि फोन ठेवला.

घरापाशी त्यानं डॉक्टरांना हाताला धरून उतरवलं. आता त्याला राहवत नव्हतं. डोळे लाल झालेले, पण अंगात उत्साह शिरलेला.

“डॉक्टर, उद्याच नेतो आप्पांना बाहुबलीला. रजा टाकतो. तुम्हीही यायचं. मी सकाळी लवकर घ्यायला येतो.”

“येतो की. माझाच शब्द राहिलाय. पण मी मागं बसणार. पुढं त्याची जागा.”

“आज घरी गेलो की आधी नळी साफ करतो. झाकणालाही भोक पाडतो, बारीकसं, ड्रिलनं, अगदी मापात. शब्द देतो तुम्हाला, बाहुबलीपर्यंत गाडी एकदासुद्धा बंद पडू देणार नाही.”

डॉक्टर फाटकाला धरून उभे होते. त्यांनी त्या मोरपंखी टपाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं.

“…एकदा पडू दे,” ते म्हणाले.